आत्याच्या बागेचं व्हॅल्युएशन

२२ डिसेंबर
शेतकरी कंपनीच्या बागांचं व्हॅल्युएशन सरांनी माझ्याकडे दिलं. नियम पाठ केला: झाड मशीनसारखं, खर्च उणे घसारा. झाडावरचं फळ मात्र बाजारभावानं. पहिली बाग लासूर स्टेशनच्या साळूबाई आत्याची. पडेगावात फ्लॅट असला तरी शेती माझ्या रक्तात आहे.

२७ डिसेंबर, दुपारी २
भयंकर. मोसंबीची तीनशे झाडं. पानं पिवळी, निम्मी गळालेली, जमिनीला भेगा. विहीर मात्र भरलेली. आत्या चार दिवस लेकीकडे, वेरूळला. 'मालकाचं दुर्लक्ष' असा शेरा मारून सरांना मेल केला. आत्याला फोन करावा वाटलं, पण तज्ज्ञानं विचारत बसायचं नसतं.

संध्याकाळी ५
मोटार चालू करून बाग गच्च भिजवली. एका दुपारी एवढी मालमत्ता वाचवणारा अकाउंटंट जिल्ह्यात दुसरा नसावा.

३० डिसेंबर
आत्या आली. शाबासकीसाठी थांबलो होतो. ती बाग बघून बांधावरच बसली. मग कळलं, बागेला ताण दिलेला होता. महिनाभर पाणी मुद्दाम तोडायचं, मग जानेवारीत सोडलं की झाड फुलतं. मधेच पाणी मिळालं तर नुसती पालवी.
आत्या एवढंच म्हणाली, "पंधराच दिवस राहिले व्हते रं, सुदर्शन."
हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नियमातही नाही.

३ जानेवारी
उद्या माफी मागायची. समोरासमोर.

४ जानेवारी
रिटर्न भरायची गर्दी. माफी पुढच्या रविवारी.

२५ जानेवारी
गेलो. बाग इतकी हिरवीगार की फोटो काढावा. कळी एकही नाही. आत्याचं वर्षाचं पीक गेलं. तिनं जेवायला वाढलं. मान वर करायची लाज वाटत होती, तरी भाकरी दोनदा मागून घेतली. माफीचा विषय निघाला नाही.

९ फेब्रुवारी
रिपोर्टात फळाचं मूल्य शून्य. कारणापुढे मी 'हवामान' टाइप केलं होतं. तेवढ्यात सरांनी आत्यानं कंपनीला दिलेला कागद पुढे केला. 'मोटार ऑटोवर राहिली. लाईट आल्यावर आपोआप चालू झाली. चूक माझी.' खाली तिची वाकडी सही.
सरांनी विचारलं, तू तर बघून आलास, असं होतं का?
मी म्हणालो, होतं.
आत्याच्या मोटारीला ऑटो बसवलेलाच नाही.