सुरयचा रिसीव्हर मीच बसवणार

१७ मे, रविवार

दुपारी सासूबाईंकडे जेवण. हेरिंग मासे, राय धान्याचा पाव, नवे बटाटे, दोन घोट श्नाप्स. कॉफी आल्यावर सासूबाईंनी विषय काढला. चौदा जूनला पंच्याऐंशी पूर्ण. जुलैत हे घर सोडून वृद्धाश्रमात. त्याआधी एकदा 'सुरय' उडताना बघायचाय म्हणाल्या. भेटवस्तू नको, फुलं नको, एवढंच.

सुरय म्हणजे माझ्या कैलासवासी सासऱ्यांनी, विलाड्सनी, बनवलेलं रेडिओवर उडणारं विमान. आमच्या खाडीवर सूर मारणाऱ्या पक्ष्याचं नाव दिलेलं. लाकडी सांगाडा, माणसाच्या उंचीइतके लांब लाल पंख. ते गेल्यापासून माळ्यावर पडून. आतला रेडिओ गंजलेला. सिग्नल पकडणारा नवा रिसीव्हर बसवून सगळं वायरिंग नव्याने करावं लागणार.

सगळ्यांनी आस्गरकडे पाहिलं. आस्गर माझा मेहुणा. मॉडेल क्लबचा सुरक्षाप्रमुख, म्हणजे दर रविवारी पिवळं जाकीट घालून इतरांना ओरडणारा माणूस. त्याने तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, मी करतो.

बिर्थेने, माझ्या बायकोने, रुमालाची घडी उलगडून परत घातली. आस्गर म्हणाला, दाजी, नक्की ना? सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, तुम्हाला कशाला त्रास, तुम्ही खुर्च्या मांडताच की.

तीस वर्षं. या घरातलं प्रत्येक बारसं, लग्न, मयत. घडीच्या खुर्च्या मांडायच्या आणि परत गोळा करायच्या. बाकी कशाला हात लावू देत नाहीत. मी अख्ख्या दूध-कारखान्याचं वायरिंग सांभाळून रिटायर झालो, हे कुणाच्या लक्षातच नाही. शिवाय तरुणपणी मी दोन उन्हाळे विमानं उडवलेली आहेत.

चौदा जूनला कळेल.

१९ मे

नवा रिसीव्हर आला. काडेपेटीपेक्षा लहान. माहितीपुस्तिका त्याच्या दसपट. वाचली नाही. वायर ही वायर असते.

२१ मे

सुरयच्या पोटाचं झाकण उघडलं. आत सासऱ्यांच्या अक्षरात एक चिठ्ठी चिकटवलेली: 'सापडलो तर गुड्रुनला फोन करा. कॉफी आमच्याकडून.' खाली घरचा फोन नंबर. गुड्रुन म्हणजे सासूबाई. हे असलं हौशी काम मला चालत नाही. नेमकी रिसीव्हरच्या जागी. सुरीने खरवडायचा प्रयत्न केला. वरून वार्निशचे थर आहेत, सुरीचं टोक मोडलं. शेवटी रिसीव्हर चिठ्ठीच्या बाजूला, किंचित तिरका बसवला. मनाला लागून राहिलंय.

२३ मे

वायरिंग पूर्ण. प्रत्येक वायर सरळ, प्रत्येक वळण काटकोनात. कारखान्यातले लोक पाहायला यायचे असं काम.

एक नमूद करतो. या नव्या रिसीव्हरला दोन बारीक मिशा आहेत. अँटेना म्हणे. आमच्या वेळी अँटेना म्हणजे मीटरभर लांब तार, शेपटीपर्यंत नेलेली. या मिशा बोटभर, आणि त्यांची टोकं चक्क सोललेली, उघडी! कारखान्यात अशी उघडी टोकं कुणी सोडली तर मी त्याला दुसऱ्या दिवशी घरी पाठवायचो. उघडी टोकं छाटली, इन्सुलेशन टेप लावला, दोन्ही मिशा बॅटरीच्या वायरींसोबत एकत्र बांधल्या. आता कसं सुबक दिसतंय.

बनवणाऱ्यांना एक कडक पत्र लिहावं का?

२५ मे

आस्गरचा फोन. मी विचारलेलं नसताना सल्ला. दाजी, रिमोट आणि रिसीव्हरची जोडणी करताना थ्रॉटलची, म्हणजे मोटरच्या ताकदीची, दांडी पूर्ण खाली ओढून ठेव. त्या क्षणी दांड्या जिथे असतील ते रिसीव्हर लक्षात ठेवतो. हवेत सिग्नल तुटला की तो तेच करतो. मोटर बंद झाली पाहिजे, समजलं ना?

समजलं. पण पटलं नाही. सिग्नल तुटलाय, विमान एकटं आहे, घाबरलेलं आहे, आणि अशा वेळी त्याची मोटरही काढून घ्यायची? बुडणाऱ्याच्या हातातून फळी काढून घेण्यासारखं आहे. मी दांडी पूर्ण वर ठेवून जोडणी केली. पूर्ण ताकद. संकटात ताकदच लागते.

आस्गरला सांगितलं नाही. त्याला सगळंच सांगायची गरज नाही.

२८ मे

स्वयंपाकघराच्या टेबलावर चाचणी. सगळं उत्तम. काम संपल्यावर रिमोट बंद केला. नंतर विमानाची बॅटरी काढणार होतो. हा क्रम उलटा असतो असं बिर्थेने नंतर पुस्तिकेत वाचून दाखवलं. पहिल्याच पानावर आहे म्हणे.

रिमोट बंद होताच सुरयला वाटलं, सिग्नल तुटला. त्याने पूर्ण ताकद लावली. पाव, त्यावर लावायचं लिव्हर पाते, लोण्याची बशी आणि बिर्थेची मोबाइलवर बोलत असलेली बहीण यांना घेऊन ते खिडकीकडे गेलं. पडद्याने वाचवलं. पंख्याला पडदा गुंडाळला गेला म्हणून मोटर थांबली. विमानाला ओरखडाही नाही.

बिर्थेने विचारलं, हे काय होतं? मी म्हणालो, आपत्कालीन यंत्रणेची चाचणी. यशस्वी.

बहीण फोनवर अजून विचारत होती, कोण ओरडलं? मीच ओरडलो होतो. पण ते वेगळं.

३१ मे, रविवार

बिर्थे बागेत आली आणि विमानाच्या मागे उभी राहिली. मी दांडी उजवीकडे नेली. ती म्हणाली, शेपटी डावीकडे वळतेय. मी म्हणालो, तू कुठे उभी आहेस त्यावर ते आहे. मी विमानाच्या तोंडासमोर उभा राहून सगळं लावलं होतं, तिथून अगदी बरोबर दिसतं. ती म्हणाली, विमान काय तुझ्याकडे तोंड करून उलटं उडणार आहे?

घरात शांतता राहावी म्हणून बदललं.

४ जून

पल्ल्याची चाचणी. रिमोटवर एक बटण आहे, ते दाबलं की सिग्नलची ताकद मुद्दाम कमी होते. मग चालत लांब जायचं. कुंपणापर्यंत गेलं तरी शेपटी हलली पाहिजे. माझी सफरचंदाच्या झाडापाशीच थांबली. झाड कुंपणाच्या अर्ध्या वाटेवरही नाही.

कारण शोधलं. शेजारच्या मोर्टेनसेनचं गवत कापणारं यंत्र. आपोआप फिरतं ते. असली यंत्रं हवेत काय काय सोडत असतील.

मोर्टेनसेनकडे गेलो, यंत्र बंद ठेवायची विनंती केली. तो म्हणाला, ते मार्चपासून बिघडलंय.

मग सफरचंदाचं झाडच. पानं ओली होती.

७ जून, रविवार

आज क्लबवर जायचं टाळलं. क्लबचा नियम आहे, नव्याने वायरिंग केलेलं विमान पहिल्या उड्डाणाआधी दुसऱ्या सभासदाने उघडून तपासायचं. म्हणजे आस्गर. तो बघेल, हसेल, आणि संध्याकाळपर्यंत सासूबाईंच्या कानावर जाईल. त्या 'असू दे हो, जावईबापूंनी प्रयत्न केला' म्हणतील. ते 'असू दे हो' मी तीस वर्षं ऐकतोय. आता आणखी एकदा ऐकवणार नाही.

झाकणावर लाल टेप लावून सील केलं. सुबक दिसतं.

१० जून

परत पल्ला पाहिला. कोरडी हवा, पानं कोरडी. सफरचंदाच्या झाडापाशीच तुटतं.

वेगवेगळ्या बाजूंनी उभा राहिलो. वाकून. हात उंच करून. एकदा खुर्चीवर चढून. खुर्चीवरून जरासं पुढे जातं. मैदानावर खुर्ची नेता येईल का?

आस्गरला फोन करायला घेतला. नंबर दाबला. तो हॅलो म्हणाला. मी विचारलं, रविवारी हवा कशी आहे? तो म्हणाला, पश्चिमेचं मंद वारं. मग म्हणाला, दाजी, सगळं ठीक ना? मी म्हणालो, ठीक म्हणजे काय, उत्कृष्ट.

फोन ठेवल्यावर बराच वेळ गॅरेजमध्ये बसून राहिलो.

१२ जून

बिर्थे म्हणाली, जेवत नाहीयेस. मी म्हणालो, डाएट. ती म्हणाली, टोर्किल, आई रोज विचारते. तिला लांबचं नीट दिसत नाही, म्हणून बाबांनी पंख लाल रंगवले होते, माहितेय ना? म्हटलं, माहितेय. माहीत नव्हतं.

निर्णय: उद्या झाकण उघडून सगळं परत तपासायचं.

१३ जून

उघडलं नाही. टेप फार छान बसलाय. चालत्या गाडीला खीळ कशाला घाला. विमान जवळच फिरवायचं. डोक्यावर. सफरचंदाच्या झाडाच्या हिशोबाने. शिवाय उद्या रिमोट पूर्ण ताकदीवर असेल. पुरेल. पुरायला हवं.

देवा, पुरू दे. मी देवाला फारसं कधी काही मागत नाही.

१४ जून, रविवार. सकाळ

वाढदिवस म्हणून सासूबाईंच्या अंगणात झेंडा चढवला. गाडीत कडबोळ्याच्या आकाराचा वाढदिवसाचा केक, कॉफीचे थर्मास, सहा खुर्च्या, सुरय. खुर्च्या मीच भरल्या. सवय.

१४ जून. संध्याकाळ

लिहायला हवं.

क्लबचं मैदान खाडीच्या काठावर. सासूबाई पहिल्या खुर्चीत, पायावर घोंगडी. आस्गर पिवळ्या जाकिटात आला. दाजी, झाकण उघड, नजर टाकतो. मी म्हणालो, सील आहे. तो म्हणाला, मग फोड सील. मी म्हणालो, आईंना किती थांबवायचं? वारा आहे, घोंगडी पातळ आहे. तो म्हणाला, नियम नियम असतो. तेवढ्यात सासूबाई मागून म्हणाल्या, आस्गर, सोड रे त्यांना. बाबा होते तेव्हा कुठे तपासत होतास?

आस्गर बाजूला झाला. त्यांनी माझी बाजू घेतली! तीस वर्षांत पहिल्यांदा.

सुरय उडाला. मी उडवला. हे कुणी नाकारू शकत नाही. गवतावरून सुटला आणि वर गेला, लाल पंख उन्हात, आणि सासूबाई म्हणाल्या, दिसतोय! मला दिसतोय! मी एक चक्कर मारली. डोक्यावर. दुसरी चक्कर. मग त्या म्हणाल्या, जावईबापू, खाडीवर न्या ना जरा, विलाड्स न्यायचे.

सफरचंदाचं झाड आठवलं. पण त्या असं कधी मागत नाहीत. माझ्याकडे तर कधीच नाही.

नेलं.

काठ ओलांडला आणि दांडी हातात नुसती दांडी राहिली. डावीकडे केली, काही नाही. उजवीकडे केली, काही नाही. आणि मग सुरयने ताकद लावली. पूर्ण. मी दिलेली. वर, सरळ, पलीकडच्या मोर्स बेटाच्या दिशेने. मी रिमोट डोक्यावर धरून धावलो. खुर्ची ओढून तिच्यावर चढलो. आस्गर ओरडत होता, मोटर बंद कर! मी ओरडलो, ऐकत नाहीये!

लाल ठिपका. मग ठिपकाही नाही.

सासूबाई टाळ्या वाजवत होत्या. हळूहळू थांबल्या. मग विचारलं, आता परत कधी येणार?

मी खुर्च्या गोळा केल्या.

१५ जून

संपलं. सासूबाईंनी एकच गोष्ट मागितलेली, ती मी खाडीत टाकली. बिर्थे बोलत नाही, पण सूप करून दिलं. ते जास्त वाईट.

आस्गर होडी घेऊन सकाळपासून पाण्यावर शोधतोय. मलाही बरोबर ने म्हणालो. तो म्हणाला, दाजी, तू घरी थांब. प्लीज.

१६ जून

सासूबाईंच्या घरी फोन वाजला. मोर्सवरून एक मेंढ्या पाळणारी बाई. कुरणात लाल विमान उतरलंय. आतली चिठ्ठी वाचून फोन करतेय. कॉफी खरंच मिळणार का?

सगळे थर्मास घेऊन गेलो. सुरय मेंढ्यांमध्ये उभा होता, गवतावर, चाकांवर. ओरखडा नाही. बॅटरी संपली असणार, मोटर थांबली असणार, आणि ते आपलं आपण तरंगत खाली येऊन उतरलं. कुणी उडवत नसताना. माझ्या हातात होतं त्यापेक्षा सरळ.

टेप त्या बाईने फाडलेलाच होता, आस्गरने झाकण उघडलं. मिशांची छाटलेली टोकं बोटाने उचलली. मला हळूच विचारलं, दाजी, हे कुणी कापलं? मी म्हणालो, उघडी होती. तो म्हणाला, तेवढाच भाग ऐकतो दाजी. बाकीची नुसती वायर.

सासूबाई पाठीमागून म्हणाल्या, काय झालं होतं रे? आस्गरने झाकण लावून टाकलं. म्हणाला, बॅटरी जुनी होती, आई.

मी या विमानात सगळं बदललं. एक ती चिठ्ठी तेवढी निघाली नाही.

२१ जून, रविवार

आस्गरने नवा रिसीव्हर बसवला. मिशा लांब, उघड्या, एकमेकींना काटकोनात. बघवत नाही. सुरय उडाला, खाडीवर गेला, वळला, परत आला, सासूबाईंच्या पायांपाशी उतरला. त्यांनी पंखावरून हात फिरवला. म्हणाल्या, मागच्या वेळी जास्त लांब गेला होता. मग माझा हात धरून म्हणाल्या, असू दे हो.

सहा खुर्च्या परत भरल्या. एकीचा पाय डुगडुगतो. त्याचं काहीतरी करायला हवं. हे काम मी एकट्याने करेन. त्यात वायरच नाही.