जेवल्यावर घ्यायचं माप

प्रिय बाबा,

आत धनेश जेवतोय आणि मी बाहेर तुमच्या पाटावर बसून हे लिहितेय. आईनेच मला हाकललं. म्हणाली, तुझ्या येरझाऱ्यांनी त्याचा घास घशात अडकेल. मग करू तरी काय? भोक पाडायचा तुमचा पंच हातात घेते, ठेवते, परत घेते. तुमच्याशिवाय बोलू कोणाशी?

तुम्ही गेल्यावर हत्यारांच्या फळीवर एक पट्टा सापडला. तपकिरी, कडा घासून गुळगुळीत केलेल्या, बकलही शिवलेलं. भोकं तेवढी नाहीत! गिऱ्हाइकाचा असता तर नावाची चिठ्ठी बांधलेली असती. काकांना लावून पाहिला, तर तोकडा. दादाला सैल. मग कोणासाठी केला होता, बाबा?

तुमची रीत साऱ्या पाऱ्याला, गल्लीतल्या पोराटोरांनाही ठाऊक. मधल्या भोकाची जागा अंदाजाने आरीने टोचून ठेवायची, पण भोक पाडायचं ते माणूस स्वतः आल्यावर, आणि तेही जेवून आल्यावर. फोनवर पँटचा नंबर सांगणाऱ्यांवर काय चिडायचात तुम्ही! या पट्ट्यावरही तशी एक खूण आहे.

धनेशला तुम्ही पाहिलं एकदाच, तेलीबांध्याच्या तळ्यावर. बीरगांवहून ड्यूटी संपवून तो खास शर्ट खोचून आला होता. बिचारा वाकून पाया पडला. आणि तुम्ही? त्याच्या कमरेकडे, पट्ट्याकडे बघत म्हणालात, "ये चमड़ा नहीं है." आणि चालू लागलात. मी कितीतरी दिवस तुमच्याशी धड बोलले नाही.

मग एकदा सरळच विचारलं, याच्याशी लग्न करू का? तुम्ही दोऱ्याला मेण लावत होतात, लावतच राहिलात. "बाबा, काहून बोलत नाही?" म्हटलं, तर चहा मागितलात! आणि थोड्याच दिवसांत कायमचे गप्प झालात. ही कुठली पद्धत?

लग्न तर मी करणारच आहे. पण तुमच्या होकाराने की तुमच्या मनाविरुद्ध, एवढं कळल्याशिवाय मला चैन नाही.

म्हणून आज त्याला बोलावलं, हा पट्टा त्याच्यासाठीच होता का ते बघायला. चप्पल काढायच्या आधीच पट्टा कमरेला लावला. बकलचा काटा खुणेवर टेकेना. चक्क दोन बोटं सैल! धनेशला तर काय चाललंय तेच कळेना. आईने मात्र कपाळावर हात मारला.

"तुह्या बाबानं उपाशी माणसाचं माप घेतलं का कधी? जेवू दे पोट्ट्याले."

घाबरून त्याने सकाळपासून काही खाल्लंच नव्हतं. आता आई वडाभात वाढतेय आणि तो दर वेळी "हव" म्हणतोय. नको म्हणायची छाती कुठे आहे त्याची?

थांबा, हाक आली.

बाबा! काटा खुणेवर बसला. अगदी खुणेवर! म्हणजे त्या दिवशी तळ्यावर तुम्ही त्याचं माप घेत होतात? आम्ही पाणीपुरीच्या गाड्यावर पोटभर गुपचुप खाऊन आलो होतो, तेही ओळखलंत?

अख्खा पट्टा केलात आणि तोंडातून एक "हो" निघेना? मला एवढं कशाला झुरवलंत? आई डोळे पुसतेय, धनेश श्वास रोखून उभा आहे. मला तुमचा भयंकर राग येतोय, आणि तुम्ही आत्ता इथे हवे आहात.

भोक मीच पाडलं, मोगरीच्या एका ठोक्यात. आणि पडलंय सरळ.

बाकीची भोकं आज पाडली नाहीत. तो या घरात जेवून जेवून सुटेल, तसतशी एकेक पाडीन. आणि शब्द देते, दर वेळी आधी त्याला पोटभर वाढीन, मगच पंच हातात घेईन.

तुमची वटवटी पोट्टी,
मीनल