समासातली सोबत

अब्बा, आज कोर्टातून दुपारीच परत आले. घरात बोलायला कुणी नाही, म्हणून तुमच्याशी बोलावंसं वाटलं. त्या गाईडाबद्दल तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं.

लॉ कॉलेजच्या प्रवेश परीक्षेसाठी पुस्तक घ्यायला आपण जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेलो होतो. अम्मी जाऊन वर्ष होत आलं होतं. आपल्या पेठेतल्या माझ्याबरोबरच्या मुली सासरी गेलेल्या, आणि या परीक्षेत काय विचारतात हे सांगेल असं एकही माणूस आपल्या ओळखीत नव्हतं. दुकानदारानं दोन गाईडं पुढे ठेवली. एक नवंकोरं, दुसरं जुनं, पानं लोंबणारं. मी जुनं उचललं. तुम्ही तिथंच आवाज चढवलात, "बाप बाईंडर हाय म्हणून काय फाटकंच घ्यायचं व्हय? नवं घे की." मी हट्टानं तेच घेतलं आणि कारण सांगितलं नाही. त्याच्या समासात कुणीतरी पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं. 'इथं घाई नको.' 'हा प्रश्न फसवा आहे.' 'मलाही आला नव्हता.' शहाण्यानं नवंच घेतलं असतं. पण मला अभ्यासाला कुणीतरी सोबत हवं होतं, आणि ते त्या पुस्तकात होतं.

मग मी गारगोटीला अम्मीच्या बहिणीकडे, खालाकडे जाऊन येते, तर तुम्ही ते पुस्तक हसत माझ्या हातात देता. नवी शिलाई, लाल कापडाची पाठ, जाड पुठ्ठा. आणि तिन्ही बाजूंनी कटिंग, पार छापील ओळींना भिडेपर्यंत. तुम्हाला पानांचे आकडे लावता येत, अक्षर वाचता येत नसे. "कुणीतरी कडंनं बरबटून ठेवलं हुतं, समदं काढून टाकलं बघ. आता कसं वकिलिणीचं दिसतंय." मी "छान झालंय" म्हणाले आणि बाईंडिंगची खळ ढवळायच्या निमित्तानं आत जाऊन रडले. राग आला होता, चांगलाच. कापलेल्या पट्ट्या शोधल्या, पण त्या तुम्ही चुलीत घातल्या होत्या. उरलेलं पुस्तक मी एकटीनं वाचलं, आणि पासही झाले.

पुण्याच्या गाडीत बसवताना तुम्ही खिडकीचा गज धरून विचारलंत, "एकटीला जमंल न्हवं?" मी म्हणाले, "जमंल की." तिथून मी लिहिलेली पत्रं शेजारचे चाचा तुम्हाला वाचून दाखवत, तेही आपल्या बाईंडिंगच्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, म्हणून प्रत्येक पत्रात मी मजेत होते. माझा काळा कोट बघायच्या आधीच तुम्ही गेलात. वकिली जमली. उचगावपासून माणसं माझं नाव विचारत येतात. हे पत्र मात्र कुणी कुणाला वाचून दाखवणार नाही, तेव्हा लिहायला हरकत नाही. एकटीला जमलं नाही, अब्बा.