फ्रिजवरचं शिलाई मशीन

२४ जुलै २००५, रविवार

व्हीआरएस घेतल्यापासून ठरवलंय, घरातला प्रत्येक निर्णय शास्त्रशुद्ध घ्यायचा. आपला फ्लॅट तळमजल्यावर, बिल्डिंग भातखाचरात भराव टाकून बांधलेली. विनिता म्हणते, पाणी शिरलं तर माझं शिलाई मशीन दुसऱ्या मजल्यावर दादाकडे नेऊ. मेव्हण्याचे उपकार घ्यायची वेळ अजून आलेली नाही.

२६ जुलै, दुपार

पाणी उंबऱ्याला. विनिता पुन्हा म्हणाली, हर्षवर्धनदादाला हाक मारते. नको म्हटलं. मशीन उचलून फ्रिजवर ठेवलं. फ्रिज आणताना तीन हमाल लागले होते. एवढी जड वस्तू जागची हलत नाही, हे तिला समजावलं. ती धान्याचे डबे ओट्यावर ठेवायला लागली. पटलं असावं.

२६ जुलै, संध्याकाळ

मांडीभर पाणी. फ्रिज तरंगला. आधी उठला, मग झोकांडी खाऊन आडवा झाला. मशीन तळाला.

कारण सोपं आहे. फ्रिज जड खरा, पण आतून पोकळ. जेवढं पाणी तो बाजूला सारतो त्याचं वजन फ्रिजपेक्षा जास्त भरतं, म्हणून पाणी त्याला उचलतं. मशीन लहान, पण भरीव लोखंड, ते बुडणारच. विनिता वाकून पाण्यात मशीन चाचपत होती, तेव्हा तिला हे सांगितलं. भरलेला गॅस सिलिंडरही तरंगत आला, तोही दाखवला. ती म्हणाली, अहो, निदान एका बाजूने धरा.

२९ जुलै

मशीनचं हेड तडकलंय. दुरुस्त होणार नाही. विनिताकडे कपडे शिवायला टाकणाऱ्या आगाशीच्या ग्रेसीबाई आल्या होत्या. मुलीच्या फ्रॉकचं सॅटिन चिखलात गेलं. मला म्हणाल्या, वर तुमचाच मानूस हाय, तर पानी यायची वाट कशाला बघितली? परक्या बाईला आमच्या घरातलं काय कळणार.

६ ऑगस्ट

हर्षवर्धनने बहिणीला नवीन मशीन घेऊन दिलं. ठेवलं त्याच्याच हॉलमध्ये. आपल्या घरात ओल आहे, विनिताला खोकला होतो, म्हणून ती झोपतेही तिकडेच. तात्पुरतं आहे. मी मोठ्या मनाने हो म्हटलं. मला कोणी विचारलं नव्हतं.

१७ ऑक्टोबर

विनिता डबा द्यायला दारापर्यंत आली. भिंती वाळल्या की येते, म्हणाली. आत ये म्हटलं, तर वर गिऱ्हाईक बसलंय म्हणाली.

दार लावून सगळ्या भिंतींना हात लावून पाहिला. कोरड्या ठणठणीत.

मोरीजवळ थोडी ओल असावी. उद्या उजेडात नीट बघतो.