पाहुणे येईपर्यंत कुलूप

३ फेब्रुवारी

लग्न करणार नाही, नोकरी करणार नाही, जन्मभर लोकांची सेवा करणार! आमच्या धाकट्याने आज जेवता जेवता जाहीर केलं. वय तेवीस. आईच्या डोळ्यांत पाणी. मी विचारलं, आणि जेवणार कुठे? तर म्हणे, ताई, तुझं सगळं खाण्यावरच येतं. येणारच! बाजारातल्या गाळ्यात शिलाई मशीन मी चालवते, जनता नाही.

५ फेब्रुवारी

त्याच्या मंडळाची एक पद्धत आहे — दर वर्षी एक तरुण व्यासपीठावर उभा करायचा आणि त्याला आजन्म सेवेची शपथ द्यायची. मागच्या वर्षीचा सेवक हल्ली अध्यक्षांची गाडी चालवतो. यंदा आमचे लोकसेवक.

शपथ कधी, तर मंडळाने बाजारातल्या बायकांसाठी बांधलेल्या स्वच्छतागृहाच्या उद्घाटनाला. ते बांधून केव्हाच झालंय. दाराला कुलूप, चावी धाकट्याच्या खिशात. प्रमुख पाहुण्यांना वेळ नाही आणि त्यांच्या आधी कुणी आत पाऊल ठेवायचं नाही. संडास आहे की गाभारा?

११ फेब्रुवारी

कंबरेत कळ. थंडी वाजून ताप. मशीनवरच डोकं टेकून पडले.

१२ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, दिवसभर पाणी पिता का? खरं सांगितलं — नाही. बाजारातली कुठलीच बाई पीत नाही. घरून निघताना मोकळं व्हायचं आणि संध्याकाळपर्यंत घोट घ्यायचा नाही, ही आमची रीत. शेजारची फुलवाली तर तहान मारायला तोंडात लवंग धरून बसते.

बाई खवळल्याच. जंतू मूत्रपिंडापर्यंत गेलेत म्हणाल्या. भरपूर पाणी प्या, लघवी दाबून ठेवू नका, नाहीतर एक मूत्रपिंड जाईल. जमत नसेल तर गाळा बंद करा. गाळा बंद करून खायचं काय — सेवा?

भीती वाटतेय मला. इथे लिहिते, दुसरं कुणाला सांगू!

१३ फेब्रुवारी

धाकट्याकडे चावी मागितली. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यापुढे हात पसरला. तर म्हणतो, "बहीण म्हणून तुला उघडून दिलं तर बाकीच्या बायकांना काय तोंड दाखवू?" मी म्हटलं, मग सगळ्यांनाच उघड की! खिशातली चावी चाचपली. मग हळूच म्हणाला, अध्यक्षांना शब्द दिलाय, पाहुण्यांपर्यंत वास्तू कोरी राहिली पाहिजे.

वास्तू! कोरी! घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजतो म्हणावं, तर लष्करही उपाशीच.

आई त्याच्याच बाजूची. शब्दाला किंमत असते म्हणे. माझ्या मूत्रपिंडाला नसते वाटतं.

१४ फेब्रुवारी

त्याच्याशी बोलले नाही. त्याच्या लक्षातही आलं नाही.

२० फेब्रुवारी

पाहुणे परगावी. उद्घाटन पुन्हा पुढे. दारावर अध्यक्षांच्या नावाची पाटी आहे, ती धाकटा रोज येऊन पुसतो. फुलवाली म्हणाली, किती निष्ठेने करतो गं तुझा भाऊ. अगं, त्याने स्वतःचा शेंबूडही कधी पुसला नाही, तोही मीच पुसला!

आठवडाभर गाळा दुपारीच बंद करतेय. शाळेच्या गणवेशांचं काम दुसऱ्या शिंप्याने नेलं.

१ मार्च

पुन्हा ताप. बाई म्हणाल्या, आता परत आलात तर थेट रुग्णालयात. झालं — गाळा सोडायचा. आईला सांगितलं तर रडायला लागली. धाकटा ऐकत होता. हातात शपथेचा कागद, पाठ करत होता.

६ मार्च

उगवले एकदाचे पाहुणे! आम्हा बायकांना पुढच्या खुर्च्यांवर मांडून ठेवलं. अध्यक्ष 'माताभगिनी, माताभगिनी' म्हणत घसा बसेपर्यंत बोलले. धाकट्याने तबकातून चावी दिली, पाहुण्यांनी फीत कापली, फोटो निघाले. अध्यक्षांनी मोठ्या ऐटीत नळ फिरवून दाखवला. नळ नुसता फुसफुसला. दुसरा फिरवला, तिसरा. टिपूस नाही! अध्यक्ष चिटणिसाकडे बघतात, चिटणीस ठेकेदाराकडे. पाण्याची जोडणीच घेतलेली नाही! कुणी म्हणजे कुणी आत जाऊन एक नळ फिरवला नव्हता, कारण वास्तू कोरी ठेवायची होती. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. कंबर दुखत होती तरी मी खो खो हसले.

अध्यक्ष काय डगमगतात? किरकोळ बाब आहे म्हणाले, जोडणी मिळेपर्यंत परत कुलूप लावा. चावी पुन्हा धाकट्याच्याच हातात! आणि लगेच शपथेला बोलावलं. माईकसमोर उभा राहिला, तोंड पांढरंफटक. माझ्याकडे पाहिलं. एक शब्द न बोलता खाली उतरला आणि गर्दीतून निघून गेला. अध्यक्ष म्हणाले, तरुण भावनेच्या भरात आहे, टाळ्या वाजवा. लोकांनी वाजवल्याही.

जेवायलाही आला नाही. जन्मभराचा सेवक पहिल्याच पायरीवर पळाला. आई दारात बसून आहे. बसू दे.

७ मार्च

गाळा आवरायला गेले. स्वच्छतागृहाचं दार सताड उघडं, बाहेर बायकांची रांग. धाकटा मासळी बाजाराच्या नळावरून बादल्या वाहत होता, सकाळपासून. आत पिंप भरलेलं, फरशी घासलेली. त्याचे तळहात सोललेले. मंडळाचं कुणी फिरकलं नव्हतं.

"ताई, पाणी पी," म्हणाला.

किती दिवस वाहील, देव जाणे. मी तांब्याभर प्यायले — भर दुपारी, भर बाजारात.