मागच्या दाराची पट्टी

प्रिय राजदीप,

जय भीम. मुलचेऱ्यात तुझं दुकान छान चालतंय असं कळलं, बरं वाटलं. नूतनवहिनींना माझा आणि शकिलाचा सलाम सांग. फोन करणार होतो. नंबर लावला आणि कापून टाकला, कारण हे तोंडानं बोलणं मला जमलं नसतं.

इथे सावली गावाजवळ मुलींच्या वसतिगृहाचं काम मला मिळालं. प्रत्येक दाराखाली स्टीलची उंबरठापट्टी लावायची. मागेच धानाच्या शेतांच्या बांध्या, त्यामुळे दाराखालच्या फटीतून साप सरळ आत यायचे. बाकीची दारं कशीबशी झाली. मागच्या दाराशी मात्र काँक्रीटची कड फुटली, भोकं पसरट झाली आणि आत ठोकलेली प्लास्टिकची गिट्टी स्क्रूबरोबर गरागरा फिरायला लागली. काँक्रीटच कच्चं आहे, असं मी सगळ्यांना सांगितलं. कच्चं बिच्चं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी पोरी राहायला यायच्या होत्या. मी पट्टी सिलिकॉननं चिकटवली, स्क्रू कापून नुसती डोकी वरून बसवली. दिसायला एकदम झकास!

वाटलं होतं, पोरींचे पाय पडले की पट्टी उचकटेल, मग गुपचूप काहीतरी करू. पण खेड्यापाड्यातल्या पोरी त्या, उंबरठ्यावर पाय द्यायचा नाही हे घरून शिकून आलेल्या. सगळ्या ओलांडूनच जातात. त्यांच्या चांगल्या वळणावर माझी लबाडी टिकली, दोस्ता. परवा गेलो तर जिवती गावची दीपाली, एवढीशी पोर, त्या पट्टीला हळदकुंकू लावत होती. वॉर्डन कमलाबाई म्हणाल्या, "रईसभाऊ, तुमी पट्टी लावली, आता पोरी खाली गादी टाकून बेफिकर झोपून राह्यल्या." पट्टीचं एक टोक उचललेलं होतं, खाली बोट जाईल एवढं. तिथे गोणपाट कोंबलं, सिमेंटचा मसाला सुकायचा आहे अशी आणखी एक थाप मारली आणि चहा न घेताच पळालो. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

आता खरं सांगतो. माझा उजवा हात थरथरतो. ड्रिल मशीन धरली की बिट नाचतं. गावात कळलं तर मला काम कोण देणार? शकिलालाही बोललो नाही, आणि इथल्या दुसऱ्या मिस्त्रीला बोलवायची हिंमत नाही. म्हणून हे पत्र. तू तुझी मशीन घेऊन लवकर ये, कडेपासून आत सरकून नवी भोकं पाड. आपल्या जोडीत मशीन नेहमी मी धरायचो. तू गुडघ्यांवर बसून भोकातली भुकटी फुंकायचास, ती डोळ्यांत गेली की मी हसायचो. या खेपेला खाली मी बसतो. आणि कमलाबाईंना सगळं सांगेन तेव्हा तू बाजूला उभा राहा. एकटा गेलो तर मी पुन्हा खोटंच बोलेन.

तुझाच,
रईस