यंत्राची कुंची

जालना, ता. ९ जुलै

चि. शिवशंकर यास आईचे पोटभर आशीर्वाद. विशेष.

मी खुशाल आहे हे आधीच लिहिते, कारण पुढचं वाचून तुला तसं वाटणार न्हाई. फोन घे म्हणून पुन्हा लिहिलंस. न्हाई घेणार. गेल्या साली गल्लीत पाणी शिरलं तेव्हा सगळ्यात आधी तोच गप्प झाला होता. पत्राला उशीर होतो, पण ते बोलता बोलता तुटत न्हाई.

बातमी अशी की ओढ्याच्या पुलावर यंत्र बसलं. कठड्याच्या दांडीला खाली तोंड करून टांगलंय. पाणी वाढलं की ते शाळेच्या गच्चीवरचा भोंगा वाजवतं. तुझे बाबा पुरात गेले तेव्हापासून ढग आले की माझा डोळा लागत नव्हता. आता बिनघोर झोपते. आपल्यासाठी कुणीतरी जागं आहे ना! पण ते बिचारं उघड्यावर भिजत होतं, मला बघवेना. मग बाबांची घोंगडी अर्धी कापली, आतून मेणकापडाचं अस्तर लावलं आणि लेकराला शिवतात तशी कुंची शिवून त्याच्या तोंडावर बांधली, नाडी चांगली आवळून.

घरी पोचते न पोचते तोच भोंगा. लख्ख ऊन पडलेलं, पण कोण थांबतंय? सगळी गल्ली शाळेच्या गच्चीवर. उषाबाईनं गॅसवरचा कुकर तसाच उचलून आणला, त्याची शिट्टी गच्चीवर झाली. कडूबानं त्याची म्हैस जिन्यानं वर चढवली. गेल्या सालच्या पुरात तिलाच सोडवायला बाबा मागे फिरले होते. ती परत आली, ते आले न्हाईत, म्हणून कडूबा तिला जिवापलीकडे जपतो. वरून बघतो तर ओढ्यात कोंबडीचे पाय भिजतील एवढंच पाणी. माणसं उतरली, म्हैस उतरेना. म्हैस जिना चढते पण उतरत न्हाई, ही अक्कल आम्हाला तेव्हा आली. दोन दिवस दूध गच्चीवरच काढलं. खाली पोरं पाढे म्हणायची आणि वरून ती साथ द्यायची. शेवटी वाळूच्या पोत्यांचा उतार रचला.

यंत्र सांभाळणाऱ्या रामप्रसादनं हे बांधू नका एवढंच म्हणून कुंची काढून घडी घालून माझ्या हातात दिली. पुढच्या आठवड्यात भुरभुर लागली, मी परत बांधली, परत भोंगा. म्हैस या वेळी न ओढता चढली. आता गल्लीत कुणी म्हणतं यंत्र घाबरट आहे, कुणी म्हणतं त्याला गेल्या सालचं पाणी दिसतं. रामप्रसादनं बजावलंय की आणखी एकदा फुकट वाजलं तर यंत्र काढून नेणार. ते गेलं तर मी परत जागीच. तू कारखान्यात अशीच यंत्रं दुरुस्त करतोस, तूच सांग, कुंचीत वाईट काय?

माया आहेच, ती टपालखर्चाकडे न बघता पाठवत जा.
तुझी आई, बायनाबाई


नाशिक, ता. १७ जुलै

तीर्थरूप आईच्या पायांवर शिवशंकरचा डोकं टेकवून नमस्कार. वि. वि.

पत्र वाचून आधी हसलो, मग घोंगडीपाशी येऊन थांबलो.

आई, यंत्र घाबरट नाही, तू त्याचं तोंड दाबलंस. बाबा विहिरीत हाक मारायचे आणि ती किती लवकर परत येते त्यावरून पाणी किती खाली आहे ते सांगायचे, आठवतं? हे यंत्र तेच करतं. आपल्याला ऐकू न येणारा आवाज खाली सोडतं, तो पाण्याला लागून परत येतो. लवकर आला की पाणी वर आलंय असं ते समजतं. तुझ्या मेणकापडावरून आवाज तिथल्या तिथे परतला, मग ते काय समजणार? पाणी नाकातोंडाशी आलं! त्याला भिजायचं दुःख नाही गं. त्याचं अंग पाणी आत शिरू नये असंच बनवलेलं असतं.

तेव्हा माझ्या गळ्याची शपथ, पुन्हा कुंची बांधायची नाही. यंत्र गेलं तर तुला तिथे एकटं ठेवायला माझं मन होणार नाही. नाशिकला ये म्हणून मी किती विनवलं, पण उषाबाई आणि ती म्हैस सोडून तू यायची नाहीस, हेही ठाऊक आहे. शपथ घेतल्याचं कळव.

माझ्यावरचा राग दोन ओळींत आटोपून माया भरपूर लिहावी.
तुझा, शिवशंकर


जालना, ता. २२ सप्टेंबर

चि. शिवशंकर यास आईचे आशीर्वाद.

आधी हे सांग, तुझी तब्येत बरी आहे ना? ताप, कणकण, काही? छातीत दुखतं का? बाकीचं नंतर वाच, आधी अंग चाचपून बघ.

मी तुझी शपथ मोडली.

झालं असं की लोकांच्या कटकटीला वैतागून रामप्रसादनं यंत्राला नवं बंधन घातलं. पाणी पुलाच्या पोटाला टेकल्याशिवाय भोंगा वाजणार न्हाई. पुलाच्या पोटाला म्हणजे आपल्या गल्लीत छातीएवढं, पण हे त्याला कोण सांगणार? शनिवारी दुपारी इथे कडक ऊन. मी पुलावरून येत होते तर ओढ्याला गढूळ पाणी आणि तोच वास, गेल्या सालचा. वर कुठेतरी ढग फुटला असणार. गल्लीत धावत सांगत सुटले. कडूबा म्हणाला की मावशी, ऊन पडून राह्यलंय, तुम्ही जल्दी घरी जाऊन पडा. उषाबाईनं मला पाणी प्यायला दिलं. यंत्र गप्प.

घरी येऊन कुंची हातात घेतली. एकीकडे तू, एकीकडे सगळी गल्ली. बाळा, तू लांब नाशिकला कोरडा होतास, एवढाच विचार केला. गेले आणि बांधली.

भोंगा वाजताच सगळी गल्ली मला शिव्या देत जिना चढली, पण चढली. म्हैस सगळ्यांच्या पुढे. उषाबाई कुकरबरोबर या वेळी लोणच्याची बरणीही घेऊन आली. रामप्रसाद यंत्र काढायला पाना घेऊनच आला होता. माझ्यावर ओरडत तो माझ्यामागोमाग गच्चीवर पोचला आणि मागून पाणी जिन्याच्या खालच्या पायरीला लागलं. मग तो पाना खाली ठेवून गपगुमान खिचडी खायला बसला. एक माणूस मागे राहिलं न्हाई. ज्यांनी शिव्या दिल्या त्या बायांनीच रात्री माझे पाय चेपले, पण शिव्या काही परत घेतल्या न्हाईत.

यंत्र मात्र कुंचीसकट वाहून गेलं. नवं आणतो म्हणतात. बाबा गेले तेव्हा घोंगडी घरीच राहिली होती. आता अर्धी तरी त्यांच्या वाटेनं गेली म्हणून मला बरं वाटलं, आणि मग मी सगळ्यांसमोर खूप रडले.

तू बरा आहेस हे लगेच कळव. तोवर मला घास जाणार न्हाई.
तुझी आई


नाशिक, ता. २७ सप्टेंबर

तीर्थरूप आईस नमस्कार.

जेव. मी ठणठणीत आहे. शपथ मोडल्यानं तब्येतीला काही होत नाही, हे विज्ञान आहे आणि मी ते मानतो. तरी तुझं पत्र वाचताना मी दोनदा कपाळाला हात लावून ताप बघितला.

बाबांसाठी कुणी भोंगा वाजवला नव्हता. तू वाजवलास. यापुढे माझ्या गळ्याच्या हव्या तेवढ्या शपथा घे आणि हव्या तेव्हा मोड.

दिवाळीला येतो. पाणी कुठवर आलं की नव्या यंत्रानं भोंगा वाजवायचा, ते रामप्रसादला पुलावर नेऊन तू दाखव, मी समोर उभा राहीन. एवढंच कर, उरलेली अर्धी घोंगडी कुठल्याही यंत्राला देऊ नकोस. ती मला पांघरायची आहे.

तुझाच, शिवशंकर